गल्लीची मोजणी: एका निवृत्त निमतानदाराचं टिपण

मोजणीला शेतावर गेलं की पहिला अर्धा तास कुणी साखळीला हात लावू देत नाही. आधी भांडण ऐकून घ्यावं लागतं. बांध कुठं होता ते दोन्ही बाजूंना तोंडपाठ असतं, फक्त दोघांचे बांध वेगवेगळे असतात. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून लागलो, निमतानदार म्हणजे भूकरमापकांची मोजणी तपासणारा म्हणून निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की झाली: माणसाला आपल्या जागेबद्दल खात्री भरपूर असते, माहिती त्या मानानं कमी.

हे मलाही लागू आहे, हे कळायला २०१९ चा सप्टेंबर यावा लागला. मी पुण्यात सहकारनगरच्या बाजूला, आंबिल ओढ्यापासून तीन गल्ल्या वर राहतो. २५ सप्टेंबरच्या रात्री ओढा पात्रात मावला नाही आणि काठच्या वस्त्यांत, सोसायट्यांत शिरला. दुसऱ्या दिवशी खालच्या गल्लीत चिखल उपसायला गेलो, तिथं बैठ्या घरातल्या एक आजी म्हणाल्या, "पाणी रस्त्यानं नाही आलं, मागच्या बोळातून आलं." मी म्हटलं, कुठला बोळ? बावीस वर्षं राहतोय इथं, आणि मोजणीवाला!

त्या हिवाळ्यात आम्ही सात जणांनी आमच्या चार गल्ल्या मोजल्या. जमीन नाही, वापर मोजला. नंतर आजूबाजूच्या मंडळींनी "कसं केलंत, आम्हालाही करायचंय" म्हणून विचारलं. दर वेळी तोंडी सांगून कंटाळलो, म्हणून हे लिहून ठेवतोय.

हा उद्योग कशासाठी

आमच्या खात्यात दोन शब्द फार महत्त्वाचे. एक अभिलेख, म्हणजे कागद काय म्हणतो. दुसरा वहिवाट, म्हणजे प्रत्यक्षात कोण कसं वापरतंय. शेताचा निम्मा तंटा या दोनमधल्या फटीत असतो. शहराचंही तेच. नकाशावर रस्ता ९ मीटरचा असतो. त्यातले अडीच मीटर उभ्या गाड्यांचे, एक मीटर गटाराच्या फुटक्या झाकणांचं, आणि कोपऱ्यावर डीपी. (महावितरणची लोखंडी पेटी म्हणतोय मी. शहरात कुठं काय होणार हे ठरवणाऱ्या विकास आराखड्यालाही डीपीच म्हणतात, आणि आमच्या पहिल्या बैठकीत यावरून वीस मिनिटं घोळ झाला. एका तरुणाला वाटलं व्हॉट्सअॅपचा फोटो बदलायचाय.)

अभिलेख सरकारकडे असतो. वहिवाट फक्त राहणाऱ्याला माहीत असते, तीही तुकड्या-तुकड्यांत. ती कागदावर आणली नाही तर आराखडा करणाऱ्याच्या दृष्टीनं ती नसतेच.

मुंबईचं उदाहरण घ्या. २०१४ ते २०३४ च्या विकास आराखड्यासाठी आधी विद्यमान जमीनवापराचे नकाशे तयार झाले. कायद्यानं ते करावेच लागतात. २०१२ मध्ये ते लोकांसमोर आले, तेव्हा रहिवाशांनी, संस्थांनी आपापला भाग पडताळून चुका दाखवायला सुरुवात केली. पुढं फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रारूप, म्हणजे कच्चा, आराखडा आला. त्यातल्या चुकांवर एवढा गदारोळ झाला की एप्रिलमध्ये राज्य सरकारनं तो नव्यानं करायला सांगितला. सुधारित प्रारूप २०१६ मध्ये आलं, मंजुरी २०१८ मध्ये. ज्यांच्याकडे आपल्या भागाची टिपणं तयार होती त्यांना हरकत लिहायला दोन तास लागले असतील. बाकीच्यांनी "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच लिहिलं असणार, आणि त्याचं उत्तर कुठलाही अधिकारी एका ओळीत देऊ शकतो.

दुसरं कारण आरक्षणाचं. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चं कलम १२७ एकदा तरी वाचा. एखाद्या जागेवर बाग, शाळा, दवाखाना असं आरक्षण आहे आणि अंतिम आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत ती जागा घेतली गेली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. मालकाचं चूक नाही, तो किती दिवस थांबणार? पण वस्तीला आपल्या वाट्याची बाग होती हे, ती गेल्यावर पेपरात वाचून कळतं.

आणि हे काही नवं खूळ नाही. आधी पाहणी, मग आराखडा, हे पॅट्रिक गेडिस नावाचे स्कॉटिश गृहस्थ शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे सांगत हिंडत होते. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला तो त्यांच्या हाताखाली. होळकरांच्या इंदूरचा आराखडा करताना त्यांनी आधी गल्ल्या पायी पालथ्या घातल्या, आणि प्लेगच्या धास्तीत असलेल्या शहरात दिवाळीची मिरवणूक काढली. जो मोहल्ला जास्त स्वच्छ, तिथून मिरवणूक जाणार, असं जाहीर केलं. लोकांनी घरं झाडून काढली. आपल्याला मिरवणूक जमणार नाही, पण गल्ल्या पायी पालथ्या घालणं जमतं.

माणसं कोण घ्यावीत

सगळे सोसायटीचे चेअरमन घेऊ नका. आमच्या सात जणांत एक रिक्षावाले, इस्त्रीचं दुकान चालवणारे एक काका, बालवाडीच्या ताई, बारावीतली एक मुलगी, दोन गृहिणी आणि मी. सगळ्यांत उपयोगी कोण ठरलं? इस्त्रीवाले काका. ते दिवसभर एका कोपऱ्यावर उभे असतात आणि प्रत्येक घरी जातात. कुठल्या इमारतीत म्हातारे एकटे राहतात, कुठं जिन्यात दिवा नाही, कुठल्या वेळी रस्ता ओलांडताना माणूस दचकतो, त्यांना सगळं ठाऊक.

पहिले दोन आठवडे सगळे मला "साहेब" म्हणत होते आणि मी सांगेन ते लिहीत होते. त्यातून काही निघालं नाही. बालवाडीच्या ताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, तुम्ही जरा मागं चाला." तेव्हापासून मी मागं चाललो.

कच्चा नकाशा

महापालिकेच्या संकेतस्थळावर विकास आराखड्याचे नकाशे असतात. आपल्या भागाचा तुकडा मोठा करून छापून घ्या. रंग ओळखायला शिका: साधारण पिवळा म्हणजे निवासी, निळा व्यापारी, जांभळा औद्योगिक, लाल सार्वजनिक, हिरवा मोकळ्या जागांचा. उपग्रहाचं चित्रही छापा. गावाकडे गट नंबरचे नकाशे महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर मिळतात. शहरात हद्दीचा प्रश्न आला तर नगर भूमापन कार्यालयातून नकाशा आणि मिळकत पत्रिका, म्हणजे जागा कुणाची आणि केवढी हे सांगणारा उतारा, काढावी लागते.

या कागदावर मी एक शिस्त लावली. कागदानुसार जे आहे ते सलग रेषेनं, वहिवाटीनं जे आहे ते तुटक रेषेनं. आजींचा तो बोळ आमच्या नकाशावरची पहिली तुटक रेषा. छापील नकाशात तिथं दोन भूखंडांची एकमेकाला चिकटलेली हद्द दिसते. जागेवर सव्वा मीटर रुंदीचा, फरशीचे तुकडे टाकलेला रस्ता आहे.

अंतर मोजायला फार यंत्रं लागत नाहीत. मी शंकूसाखळीवर शिकलो, ३३ फूट लांब आणि १६ आण्यांची, म्हणजे १६ भागांची. ३३ गुणिले ३३ म्हणजे एक गुंठा. आता ती कुणाकडे नसते. दहा मीटरची दोरी जमिनीवर ताणा, तिच्या कडेनं पाच वेळा नेहमीच्या चालीनं चाला, पावलं मोजा, सरासरी काढा. माझं पाऊल ६४ सेंटीमीटरचं निघालं, बारावीतल्या मुलीचं ७०. मग गल्लीची लांबी नुसती चालून मिळते. जिथं वाद होण्यासारखं असेल तिथंच टेप काढा.

पदपथासाठी मात्र एक युक्ती सांगतो, ती आमच्या रिक्षावाल्यांची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत निवासी भागात किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. त्यांनी प्लंबिंगचा पाइप बरोबर तेवढा कापला, आडवा धरला आणि पदपथावरून चालत सुटले. जिथं पाइप अडला तिथं खडूनं फुली. चारशे मीटरमध्ये एकोणीस फुल्या पडल्या. आकडे सांगून जे कुणाला पटत नव्हतं, ते पाइप अडलेला बघून शेंबडं पोरही समजलं.

पाण्याच्या खुणा

हे काम ज्यांच्या भागात पाणी भरतं त्यांनीच करावं, पण त्यांनी नक्की करावं. नदीकाठी पाटबंधारे खात्याच्या पूररेषा असतात. निळी साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गल्लीतलं पाणी या रेषा वाचून येत नाही.

आम्ही घरोघर विचारलं, "पाणी कुठवर होतं?" कुणी म्हणालं कमरेपर्यंत, कुणी म्हणालं मीटरच्या पेटीपर्यंत. कमरेपर्यंत कुणाच्या? म्हणून भिंतीवरची खूण दाखवायला सांगितली. चिखलाचा पट्टा बऱ्याच घरांत रंगाखालीही दिसतो, कपाटाच्या मागं तर हमखास.

पण नुसती जमिनीपासूनची उंची लिहिली तर फसाल. जमीन स्वतः उतरती आहे. एका घरात चार फूट आणि दुसऱ्यात दीड फूट, तरी पाण्याचा माथा एकच असू शकतो. गवंड्याकडे पारदर्शक नळीची पाणसळ असते, तिच्यातलं पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत राहतं, ती एक दिवसासाठी मागून घ्या. देवळाच्या खालच्या पायरीला आम्ही शून्य धरलं आणि तिथून नळी फिरवत प्रत्येक खूण त्या पायरीशी जोडली. दोन रविवार गेले, नळीतले बुडबुडे काढता काढता जीव गेला.

आकडे मांडले तेव्हा रस्त्याकडच्या घरांतल्या खुणा जवळजवळ एका पातळीत आल्या. बोळाकडच्या खुणा मात्र फूटभर वर. म्हणजे पाणी मागं तुंबलं होतं आणि बोळातून पुढं ढकललं जात होतं. आजी बरोबर होत्या. मागच्या बाजूला एक भिंत ओढ्याकडे जाणारी जुनी वाट अडवून उभी होती. खालच्या गल्लीतले लोक तीन महिने रस्त्यावरचं गटार मोठं करून मागत होते. ते केलं असतं तरी पुढच्या वेळी पाणी तितकंच घरात आलं असतं.

माणसं मोजणं

सांगायला सोपं, पण करायला कंटाळवाणं. प्राथमिक शाळेत ताळ्याच्या खुणा शिकलो, चार उभ्या आणि पाचवी आडवी, त्याच वापरायच्या. एका जागी दोघांनी बसायचं. एकानं चालणारे, दुसऱ्यानं वाहनं. दर पंधरा मिनिटांनी नवी ओळ. बाई, पुरुष, लहान मूल, काठी घेऊन चालणारं माणूस, असे रकाने पाडा. रकाने आधी पाडले नाहीत तर नंतर ते आठवत नाहीत.

वार आणि वेळ निवडताना आम्ही चुकलो. पहिली मोजणी केली रविवारी दहा वाजता, कारण सगळ्यांना सवड तेव्हाच. रस्ता रिकामा! मग मंगळवारी सकाळी साडेसहा ते साडेसात बसलो. बोळातून त्या एका तासात ६३ जण गेले, त्यातल्या ४८ बायका. धुणंभांड्याच्या कामाला वरच्या सोसायट्यांत येणाऱ्या. थंडीत त्या वेळी अंधार असतो आणि बोळात एकही दिवा नव्हता. मी ज्या सोसायटीत राहतो तिथल्या बैठकीत दर महिन्याला पार्किंगवर चर्चा होते. ज्या वाटेनं आमच्या घरी काम करणाऱ्या ताई येतात ती वाट आम्हाला माहीतच नव्हती. एक मंगळवार, एक शनिवार आणि एक पावसाळी दिवस, एवढं तरी मोजा.

काय लिहू नये

बोळात टेप घेऊन शिरलो तर दोन दारं धडाधड बंद झाली. एक बाई म्हणाल्या, "मोजताय म्हणजे घर पाडणार?" माझ्या डोक्यात हा विचारच आला नव्हता. साखळी आली की लोक चहा करतात, अशी माझी सवय.

त्या संध्याकाळी ठरलं: बोळातल्या घरांच्या हद्दी नकाशावर घ्यायच्या नाहीत. फक्त वाट, दिवा, नळ आणि पाण्याची खूण. कुणाचं नाव नाही, फोन नंबर नाही, "हे घर कुणाच्या मालकीचं" हा प्रश्नच नाही. मला ते जड गेलं, सवय वाईट. पण तुमच्या नकाशाचा उपयोग उद्या कोण कशासाठी करेल हे तुमच्या हातात राहत नाही. ज्यांची बाजू कागदावर कच्ची आहे त्यांचं त्यांना विचारल्याशिवाय काहीही काढू नका. टेप आम्ही ताईंच्या पिशवीत ठेवला, पुढच्या वेळी फक्त खडू नेला, आणि दारं उघडली.

कागदाशी ताळा

आता अभिलेख. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ खाली १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून निबंध लिहू नका. "या गल्लीत गेल्या तीन वर्षांत झालेल्या कामांची यादी, खर्च आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पानांच्या प्रती" एवढं पुरे. मोजमाप पुस्तिका आठवणीनं मागा. कामाची खरी लांबी-रुंदी तिथं असते, आणि पावलं तुमच्याकडे आहेतच.

लोकसंख्येसाठी जनगणनेचे प्रभागवार आकडे बघितले, पण ते २०११ चे. तेव्हा आमच्या गल्लीत बंगले होते, आता सात मजले आहेत. तो आकडा तुलनेपुरता ठेवा.

द्यायचं कुठं

पुणे महापालिकेत २००६-०७ पासून अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना घेतल्या जातात. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरायचा, बहुधा पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवतात. आम्ही भरला तेव्हा एका कामाला ५ लाखांची मर्यादा होती. दिवा, पदपथाची दुरुस्ती, बाकडी, असली कामं यात बसतात. ओढ्याकडची भिंत यात बसत नाही. त्याचं वेगळं निवेदन, खुणांच्या तक्त्यासकट, मलनिस्सारण आणि पावसाळी गटारांच्या खात्याला. विकास आराखडा जाहीर झाला की हरकती-सूचनांची मुदत साधारण महिना-दोन महिन्यांची असते. तेवढ्यात मोजणी होत नाही, ती आधीच झालेली लागते.

अर्जावर एकच काम, एकच फोटो, एकच आकडा. "बोळात दिवा नाही. सकाळी साडेसहा ते साडेसात ६३ जण." बस्स. बोळातला दिवा त्या अर्जावरच लागला.

दुसरा अर्ज मात्र परत आला आणि त्याची लाज मला अजून वाटते. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत ज्येष्ठांसाठी बाकडी मागितली होती. ती जागा शेजारच्या सोसायटीच्या सामासिक अंतरातली (इमारतीभोवती मोकळी सोडलेली), म्हणजे खासगी. आयुष्यभर दुसऱ्यांना हद्दी दाखवल्या, आणि आपल्या कोपऱ्याची मिळकत पत्रिका काढायला विसरलो. इस्त्रीवाले काका अजून भेटले की विचारतात, "काका, बाकडं कुठवर आलं?"

गावात असाल तर यातलं बरंच सोपं आहे, कारण शिवारफेरीची, म्हणजे मिळून शिवार पायी फिरून बघायची, पद्धत गावाला ठाऊक असते. २०१५-१६ पासून "आमचं गाव, आमचा विकास" मध्ये ग्रामपंचायतीला आपला आराखडा करावा लागतो आणि तो ग्रामसभेपुढं येतो. हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडून मग पिकं ठरवतात. त्याआधी कुणीतरी विहिरीत दोरी सोडून पाणी मोजलेलं असतं. फक्त महिला सभा आधी घ्या. पाण्याची वाट कुठली हे पुरुषांना विचारण्यात अर्थ नाही.

आमचा पक्का नकाशा दूध डेअरीच्या भिंतीवर लावलाय, शेजारी दोरीला पेन बांधून. लोक त्यावर दुरुस्त्या करतात, महिन्यातून एकदा मी त्या उतरवून घेतो. गेल्या आठवड्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, "निमतानदारांचं घर गल्लीच्या चुकीच्या बाजूला दाखवलंय." चष्मा पुसून बघितलं. खरंच चुकीच्या बाजूला होतं.